कानाने वाचणारा कॉम्प्युटर

फौजेत माझी बरीच वर्षं सिग्नल्समध्ये गेली. म्हणजे आवाजातून निरोप काढणं हाच धंदा. आज अशा एका यंत्राविषयी बोलणार आहे, जे कानाने वाचतं.

१९८२ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. मेमरी १६ किंवा ४८ केबी. डिस्क महाग, म्हणून प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर ठेवायचे. पद्धत सोपी होती. प्रत्येक बिटसाठी दोन ठोके. आखूड ठोके म्हणजे शून्य, त्याच्या दुप्पट लांब ठोके म्हणजे एक. सुरुवातीला एक सलग शिट्टी, म्हणजे "ऐका, निरोप येतोय". शेवटी निरोप नीट आला का हे पाहायला एक जादा बाइट. तारखात्यात काम केलेल्या माणसाला यात काहीच परकं वाटणार नाही. वेग सेकंदाला साधारण दीड हजार बिट, म्हणजे ४८ केबी भरायला चार-पाच मिनिटं. आवाजच तो, त्यामुळे रेडिओवरूनही जायचा. १९८३ पासून बेलग्रेडच्या रेडिओवर झोरान मोडली श्रोत्यांसाठी प्रोग्राम वाजवायचे आणि लोक घरी ते टेप करून घ्यायचे.

आता मुद्द्याचं. माझा एक सहकारी आता हयात नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याने स्वतःच्या स्पेक्ट्रमवर जवानांना मोर्स शिकवणारा प्रोग्राम लिहिला होता. त्याची मुलगी इंदूरला असते. तिने एक कॅसेट पाठवली आणि विचारलं, "काका, बाबांचं काम एकदा चालताना दिसेल का?"

माझ्याकडे होता १९८६ चा स्पेक्ट्रम प्लस टू. तोवर सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ॲमस्ट्रॅडने घेतला होता आणि त्यांनी या मॉडेलमध्ये कॅसेट डेक आतच बसवला. सोय झाली, पण जुन्या स्पेक्ट्रमला मागे टेपरेकॉर्डर जोडायचं जे भोक होतं, ते गेलं. इतक्या वर्षांत आतला रबरी पट्टा सैल पडलेला. अशा डेकमध्ये एकुलती एक कॅसेट घालणं म्हणजे ती चघळायला देणं.

म्हणून आधी कॅसेट एका धडधाकट डेकवर वाजवून लॅपटॉपवर उतरवली. हेडचा स्क्रू किंचित फिरवत, शिट्टी सर्वांत खणखणीत ऐकू येते तिथे थांबलो. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवली, एमपीथ्री नाही. दाबलेल्या फाइलमध्ये ठोक्यांच्या कडा बोथट होऊ शकतात.

मग प्लस टू उघडला. हेडमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, मोबाइलचा त्याच्या शेकडो पट. म्हणून मोबाइलची तार हेडच्या जागी जोडायची नाही. डेकच्या छोट्या बोर्डावर सिग्नल वाढवून जिथून बाहेर निघतो, तिथे ती मधे कपॅसिटर घालून आणली. एक लहान स्विच लावला: इकडे डेक, तिकडे मोबाइल. डब्याला भोक पाडलं नाही. तार कॅसेटच्या झाकणाच्या फटीतून बाहेर काढली. उद्या कुणाला यंत्र मूळ रूपात हवं असेल, तर दोन-तीन टाके सोडवले की झालं.

मोबाइलचंही पथ्य आहे. आवाज जवळजवळ पूर्ण, इक्वलायझर बंद आणि फोन विमान मोडवर. मधेच एखादा मेसेज टुणकन वाजला, की पडद्यावर टेप लोडिंग एररची ओळ येते आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी इंदूरची मुलगी व्हिडिओ कॉलवर होती, अर्थात दुसऱ्या फोनवर. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावू लागले. प्रोग्राम चढला. चालवण्याआधी मी त्याच्या ओळी पडद्यावर आणल्या. पहिल्याच ओळीत, रोमन लिपीत पण मराठीत, टीप होती: घाई नको, आधी कान दे. माझ्या सहकाऱ्याचं वर्गातलं रोजचं वाक्य. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, आता वाजवा." आणि स्पेक्ट्रमने मोर्समध्ये पहिलं अक्षर वाजवलं.

मंडळी, तुमच्याही माळ्यावर कॅसेटी असतील. कुणाचा प्रोग्राम, कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाचं कीर्तन. चुंबकीय फीत कायम टिकत नाही, आणि ती वाजवणारे डेकही दुर्मिळ होत चाललेत. कॉम्प्युटर उघडायची सगळ्यांना गरज नाही. पण या रविवारी तो खोका खाली काढा, चांगला डेक मिळवा, आणि आधी एक प्रत करून घ्या. दुरुस्ती नंतरही होईल. प्रत आधी.

जय हिंद.