नागराज आणि पुण्याची रेषा

दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1986 मध्ये हिंदीत आणलेल्या नागराज या महानायकाचे, म्हणजे अतिमानवी शक्तीने अन्यायाशी लढणाऱ्या चित्रकथा-नायकाचे, पहिले रूप पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी रेखाटले, ही बाब मराठी वाचकांनी अभिमानाने जपण्याजोगी आहे. ‘अमर चित्र कथे’चे अनेक अंक रेखाटणाऱ्या मुळीकांचा हात शरीररचनेत इतका पक्का होता की, रक्तात सूक्ष्म सर्प वागवणारा आणि मनगटांतून ते सोडणारा हा नायक अद्भुत असूनही हाडामांसाचा वाटतो. वाचकाने नव्वदच्या दशकातील नागराजचे अंक आज पुन्हा उघडल्यास, अनुपम सिन्हा यांच्याकडे चित्रांकन आल्यानंतर चौकटी, म्हणजे कथेचा एकेक क्षण बांधणारी चित्रे, अधिक दाट व वेगवान झालेल्या दिसतात. मुळीकांच्या चौकटींत मात्र नजरेला विसावायला जागा आहे.