गिऱ्हाइकाचे घर आणि आपली पेढी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘बदलत्या चालीरीती आणि आपला व्यवसाय’ या विषयावर चार शब्द बोलावे, अशी चालकांनी मला आज्ञा केली. विषय सभेला शोभणारा आहे. परंतु त्याच्या पोटात एक साधा घरगुती प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रात्रीच्या जेवणाच्या वेळी निघतो. मुलाने पेढीवर बसावे की बसू नये? या प्रश्नाला बगल देऊन मला बोलता येणार नाही. तथापि त्याचे उत्तर शेवटी देईन. आधी आपल्या धंद्याचे काय झाले, ते नीट पाहू.

नाशिकच्या तांब्या-पितळेच्या कामाचा लौकिक जुना आहे. इंग्रजी अमदानीत, १८८३ साली, या जिल्ह्याचे जे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले, त्यातही या कामाची दखल घेतलेली आहे. तांबट लेन आणि भांडी बाजार ही नावे आजही या गावात त्या लौकिकाची साक्ष देत उभी आहेत. मुलगी सासरी निघाली की हंडा, कळशी, घंगाळ, परात, ताम्हण, समई असा संसार तिच्याबरोबर जात असे. भांड्यावर नाव आणि तिथी घातली जाई, आणि ते भांडे दोन-दोन पिढ्या त्या घराचा इतिहास सांगत राही.

मग एकेक वस्तू घरातून निघाली. नळ घरात आला आणि हंडा-कळशीचे काम सरले. १९५९ च्या सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि पितळेची पातेली हळूहळू माळ्यावर चढली. स्टेनलेस स्टील आले. त्याला कल्हई नको, चिंच नको, राख नको. गॅसचा आणि विजेचा गीझर आला, तेव्हा न्हाणीघरातील तांब्याच्या बंबाने निरोप घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बंबाचे गिऱ्हाईक आपल्याला सोडून दुसऱ्या दुकानी गेले नाही. त्याच्या घरातून बंबच गेला. आपण मात्र समोरच्या दुकानदाराचा भाव काय, एवढेच न्याहाळीत बसलो. ज्याच्यावर नजर ठेवावयास हवी होती, ते गिऱ्हाइकाचे घर होते.

आता कोणी विचारील, दुसऱ्याच्या घरात डोकवावे कसे? त्याला मोठ्या विद्येची गरज नाही. तीन साधने आपल्या हाताशी आहेत. पहिले साधन म्हणजे मोड. जुने भांडे देऊन नवे नेणारे गिऱ्हाईक आपण रोज पाहतो. मोड आपण तोलतो, तिचा भाव करतो आणि कोपऱ्यात टाकतो. परंतु ती कधी वाचीत नाही. कोणते भांडे मोडीत येऊ लागले, हे ज्याने वर्षभर टिपून ठेवले, त्याला स्वयंपाकघरातील फेरबदल इतरांच्या आधी कळतो. विक्रीची खतावणी गेल्या सालचे सांगते. मोडीचा ढीग पुढच्या सालचे सांगतो.

दुसरे साधन लग्नपत्रिका. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ पत्रिकेच्या तळाशी छापली जाऊ लागली, तेव्हा आपण तिच्याकडे केवळ सौजन्य म्हणून पाहिले. वस्तुतः ती ओळ भांड्यांच्या दुकानासाठीच लिहिलेली होती. आहेरातील तांब्या, ताट, डबा यांच्यावर लग्नसराई काढणाऱ्यांनी ती वेळीच वाचली असती, तर पुढची तजवीज झाली असती. तिसरे साधन संक्रांतीचे वाण. हळदीकुंकवाला काय लुटले जाते, यावरून गृहिणीला आज काय उपयोगाचे वाटते आणि ती त्यासाठी किती पैसे मोजते, हे स्वच्छ दिसते. ही तिन्ही साधने आपल्या घरातील स्त्रियांना आपल्याहून अधिक चांगली वाचता येतात. असे असूनही, कोणता माल भरावा याचा निर्णय त्यांना न विचारता होतो. हे आता पुरे झाले.

बदल ओळखून उभ्या राहिलेल्या धंद्याचे उदाहरण पाहावयास दूर जावयास नको. आपल्या जिल्ह्यातील येवले पाहावे. पैठणी एके काळी राजघराण्यांच्या आणि सरदारांच्या आश्रयावर वाढली. तो आश्रय संपला. नऊवारी नेसणेही कमी होत गेले. विणकराने लुगडे सहावारी केले, रंग हलके-भडक दोन्ही घेतले, भरजरीबरोबर साध्या काठापदराचाही माल काढला. पुढे ओढण्या आणि जाकिटेही आली. २००४ साली ‘होम मिनिस्टर’ हा दूरदर्शन-संचावरील कार्यक्रम सुरू झाला आणि विजेत्या गृहिणीला पैठणी मिळू लागली. दोन दशके चाललेल्या त्या कार्यक्रमाने पैठणीची हौस सामान्य घरांत नेऊन पोचवली. परंतु हौस दारी आली तेव्हा तिला देण्यासाठी सहावारी माल मागावर तयार होता, हे विसरू नये.

आणि या विणकराने काय सोडले नाही, हेही पाहावे. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला, तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागावरच्या नकली मालाचा पूर आला असता हीच खूण अस्सल मालाच्या उपयोगी पडली. २०१० साली पैठणीला भौगोलिक निर्देशाचे कायदेशीर संरक्षणही लाभले. लांबी बदलली, रंग बदलले, गिऱ्हाईक बदलले. वीण बदलली नाही. काय बदलावे आणि काय राखावे, याचा यापेक्षा उत्तम धडा मला ठाऊक नाही.

आता याची दुसरी बाजू. दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आपलेच. त्यांनी परदेशी यंत्र आणले, पण त्यात कथा घातली ती घरोघर ठाऊक असलेल्या राजा हरिश्चंद्राची. १९१३ सालचे ते यश केवळ यंत्राचे नव्हते. लोकांच्या मनाची ती अचूक पारख होती. नाशकातच त्यांनी पुढे चित्रे काढली. परंतु १९३१ साली ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि प्रेक्षकाचा कान जागा झाला. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून चित्रित झाला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. एवढ्या थोर पुरुषालाही काळाने सवलत दिली नाही. मग तुम्हा-आम्हाला ती कोठून मिळणार?

यावर कोणी म्हणेल, तांबे तर आता परत येत आहे! खरे आहे. तांब्याच्या बाटल्या खपतात, पितळेची पातेली पुन्हा मांडणीवर दिसतात, काशाच्या वाटीने तळपाय घासून घेण्याची हौस वाढली आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण सावधपणे घ्यावयाची. ही लाट आहे की प्रवाह, हे ओळखण्याची एक कसोटी मी सुचवितो. गिऱ्हाईक तीच वस्तू दुसऱ्यांदा घेते काय? आणि घेतलेली वस्तू रोज वापरते काय? तसे असेल तर प्रवाह, नसेल तर लाट. लाटेवर भांडवल घालू नये. उधारीने तर मुळीच नाही.

शिवाय लाटेत खोटे बोलण्याचा मोह होतो. तांब्याचे पाणी अमुक रोग बरा करते, असे आपण सांगू नये. आपण वैद्य नव्हे. उलट, या बाटलीत ताक किंवा लिंबाचे सरबत ठेवू नका, आणि कल्हई नसलेल्या पितळेत आंबट शिजवू नका, हे आपण होऊन सांगावे. आज त्यापायी एखादी विक्री जाईल. परंतु पैठणीच्या मागच्या बाजूसारखी ही आपली खूण ठरेल.

आता करावयाच्या गोष्टी. एक, कल्हई. जुनी पितळी भांडी माळ्यावरून खाली उतरत आहेत आणि कल्हईवाला मात्र शोधून सापडत नाही. भांडे घरून आणून, कल्हई करून पोचते करण्याची व्यवस्था चार पेढ्यांनी मिळून केली, तर तो एक स्वतंत्र व्यवसाय होईल. दोन, सिंहस्थ. २००३ आणि २०१५ च्या पर्वण्यांत भाविकांचा केवढा लोंढा लोटला, ते आपण पाहिले. गोदावरीचे पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून घरी जाते. प्रवासाच्या पिशवीत मावेल असा हलका, घट्ट फिरकीच्या झाकणाचा तांब्याचा गडू २०२७ च्या सिंहस्थासाठी आपणच का घडवू नये? तीन, नोंद. मंडळाने एक वही घालावी. सभासद-पेढ्यांनी वर्षाअखेर त्यात काय खपले, काय पडून राहिले आणि मोडीत काय आले, एवढे तीन रकाने भरावे. एकट्याला जे अंधुक दिसते, ते पन्नास पेढ्यांच्या नोंदींत स्पष्ट दिसेल.

राहिला मुलाचा प्रश्न. १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना निघाला. सातपूर-अंबडच्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथे नोकरी धरणाऱ्यांनी कुळाचा धंदा बुडवला, असे मी कधीच म्हणणार नाही. धातूची पारख कोठेही कामी येते, आणि पोरांच्या पायांत वाडवडिलांच्या गादीची बेडी घालणे हा धर्म नव्हे. परंतु जो पेढीवर बसेल, मग तो मुलगा असो वा मुलगी, त्याला आपण केवळ किल्ल्या देऊ नयेत. माल बदलण्याचा अधिकारही द्यावा. अधिकाराविना दिलेली पेढी म्हणजे मोडीच्या भावाने दिलेला वारसा होय. तेव्हा ‘मुलाने बसावे काय?’ हा प्रश्न त्याला विचारण्याआधी, ‘तो बसला तर मी त्याला करू देईन काय?’ हा प्रश्न प्रत्येक वडिलाने स्वतःला विचारावा.