नकाशातील शेजारी



आपल्या मॉरिशस बेटाचा नकाशा तुम्ही वर्गात पाहिला आहे. त्यात नऊ जिल्हे आहेत. मोका आणि प्लेन विल्हेम्स हे जिल्हे शेजारी शेजारी आहेत, हे तुम्ही नकाशाकडे पाहून लगेच सांगाल. पण संगणकाला तुमच्यासारखे डोळे नाहीत. मग त्याला हे कसे कळते? आज मी तुम्हांला तेच सांगणार आहे.

संगणक असा नकाशा अंकांनी लक्षात ठेवतो. शाळा दाखवायची असेल तर एक बिंदू पुरतो. त्या बिंदूचे अक्षांश व रेखांश तो साठवतो. असे अनेक बिंदू ओळीने जोडले, की रेषा होते. रेषेने रस्ता किंवा नदी दाखवतात. रेषा फिरून पहिल्या बिंदूला मिळाली, की आत क्षेत्र तयार होते. जसे तळे, उसाचे शेत किंवा जिल्हा. बिंदू, रेषा व क्षेत्र यांच्या या माहितीला 'व्हेक्टर' माहिती म्हणतात.

आता दोन घरांमधले कुंपण आठवा. कुंपण एकच असते, पण ते दोन्ही घरांचे असते. जिल्ह्यांची सीमाही तशीच असते. ती दोनदा काढली तर काय होईल? एकच वाकडी रेषा दोनदा काढून पाहा. दोन्ही रेषा तंतोतंत जुळणार नाहीत. कुठे फट राहील, तर कुठे एक जिल्हा दुसऱ्यावर चढेल. फटीत आलेले घर कोणत्याच जिल्ह्यात मोजले जाणार नाही. दुसऱ्या ठिकाणचे घर मात्र दोनदा मोजले जाईल!

म्हणून सीमा एकदाच साठवतात. तिच्याबरोबर चार गोष्टी नोंदवतात: ती कोठे सुरू होते, कोठे संपते, डाव्या हाताला काय आहे आणि उजव्या हाताला काय आहे. मोका व प्लेन विल्हेम्स यांच्या सीमेवरून दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेलात, तर डावीकडे प्लेन विल्हेम्स आणि उजवीकडे मोका असेल. ही नोंद वाचून संगणक शेजारी ओळखतो. कोण कोणाला लागून आहे, हे सांगणाऱ्या माहितीला 'टोपॉलॉजी' म्हणतात. नकाशा लहान करा किंवा मोठा करा, शेजारी बदलत नाहीत.

१९६७ साली अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने रस्त्यांची अशी नोंद ठेवण्याची पद्धत तयार केली. घर रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे कळले, की ते योग्य भागात मोजता येते.

मुलांनो, तुम्हीही नकाशा काढाल तेव्हा सीमा एकदाच काढा. पण ती दोघांची आहे, हे विसरू नका.

स्वाध्याय
१. सीमा दोनदा काढल्यास कोणत्या दोन चुका होतात?
२. नकाशात पाहून मोका जिल्ह्याच्या सर्व शेजाऱ्यांची नावे लिहा.