बेने इस्राएलांचीं मराठी पुस्तकें

जुन्या यहुदी पुस्तकांचा संग्रह म्हटला, कीं व्हेनिस, प्राग हीं नांवें पुढें येतात. त्या पंक्तींत पुणेंही बसतें, हें मात्र मराठी वाचकासच क्वचित् ठाऊक असतें. कोंकणांतून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांसाठीं १८७४ सालीं पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत सचित्र 'हग्गादा' छापली गेली. हग्गादा म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्रीं घरोघर वाचावयाची पोथी. तींत हिब्रू मजकुराजवळ मराठी भाषांतर आहे. आणि चित्रांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया चक्क लुगडीं नेसलेल्या आहेत! कोल्हापुरांतील माजघरासही तें चित्र परकें वाटूं नये.

अशीं पुस्तकें दुर्मिळ होण्यास वाळवी आणि पावसाळा यांबरोबर धर्माचारही कारण आहे. ईश्वराचें नांव असलेला जीर्ण ग्रंथ यहुदी लोक रद्दींत टाकीत नाहींत. तो आदरानें पुरतात. लग्नपत्रिका, कीर्तनांच्या जाहिराती, मंडळांचे अहवाल यांच्या वाट्यास तेवढाही मान नाहीं. १९४८ नंतर हजारों माणसें इस्राएलांत गेलीं. मोजक्या सामानांत असल्या कागदांना जागा कोठून असणार? वस्तुतः १८८० पासून हा समाज बायबलांतील आख्यानें मराठी कीर्तनांतून ऐकत आला, याची साक्ष हेच कागद देतात. केवळ हिब्रू जाणणाऱ्या संग्राहकास ती वाचतां येणार नाहीं. म्हणून दिवेकर, किहीमकर, राजपुरकर अशा आडनांवाची जुनी पत्रिका हातीं आली, तर ती रद्दीच्या तराजूंत घालण्यापूर्वीं नीट उलगडून पाहावी.