आकडा आणि खूण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर घोड्यांच्या शर्यतीचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. जुगाराची युक्ती सांगण्याचा माझा मुळीच हेतू नाही. अंगी गुण आहे, पण तो वेळेवर कामी येईल याचा भरवसा नाही, अशा जिवाचे मोल कसे ठरवावे, एवढाच माझा प्रश्न आहे. तो आपल्याला घरीदारी रोज पडतो. इंग्लंडमधील शर्यतीच्या जाणकारांना मात्र त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे लागले.

प्रथम हे आकडे काय आहेत ते पाहू. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणजे सर्वांना जिंकण्याची सारखी संधी मिळते. १८५५ पासून ॲडमिरल राऊस यांनी हे काम इंग्लंडात नेटाने केले. या हिशेबात गुणांकातील एक अंक म्हणजे एक पौंड वजन. एकाचा गुणांक १०० आणि दुसऱ्याचा ९० असेल, तर पहिल्याने दहा पौंड जास्त वाहावेत. मग कागदावर तरी दोघे बरोबर पोहोचतील. पुढे १९४८ मध्ये फिल बुल या गणिताच्या पदवीधराने यॉर्कशरमधील हॅलिफॅक्स येथे ‘टाइमफॉर्म’ ही संस्था काढली. एके काळी शाळामास्तर असलेल्या या गृहस्थाच्या संस्थेने सपाट मैदानावरच्या घोड्यांना दिलेल्या गुणांकांत सी-बर्डचा १४५ हा १९६५ पासून सर्वांत वर होता. २०१२ मध्ये फ्रँकेलने १४७ गुण मिळवून तो मागे टाकला.

आता लहरी घोड्याचे काय करावे? असे समजा की, एक घोडा पाच वेळा पळाला. तीन वेळा १०० गुणांच्या तोडीचा आणि दोन वेळा फक्त ७० च्या. सरासरी येते ८८. पण ८८ गुणांचा तो एकदाही पळालेला नाही! मर्जीत असेल तेव्हा हा आकडा बारांनी कमी पडतो, आणि रुसेल तेव्हा अठरांनी जास्त होतो. दर वेळी चुकणारच असा आकडा आपण मोठ्या कष्टाने काढला, एवढाच त्याचा अर्थ.

टाइमफॉर्मने ही सरासरी नाकारली. घोड्याच्या कुवतीचा आकडा त्यांनी तसाच ठेवला आणि त्याच्या शेजारी एक खूण छापली. कायद्याच्या पुस्तकांत कलमाच्या आकड्यामागे नागमोडी चिन्ह असते, तेच हे. आकडा सांगतो, हा काय करू शकतो. खूण सांगते, तो ते करीलच असे समजू नका. एखाद्याचा स्वभाव अगदीच हाताबाहेर गेला असेल, तर हीच खूण दोनदा छापतात. तिचा अर्थ असा की, याला गुणांक देण्यात हशील नाही.

वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची अडचण निराळी आहे. घोडा वाईट पळत राहिला, तर त्याचे वजन हळूहळू उतरवावेच लागते. पण प्रत्येक रुसव्याला सढळ हाताने सूट दिली, तर ज्या दिवशी स्वारीची मर्जी फिरेल त्या दिवशी प्रामाणिकपणे पळणाऱ्या बाकीच्या घोड्यांवर अन्याय होतो.

‘मॅड मूस’ नावाच्या घोड्याचे उदाहरण घ्या. जानेवारी २०१३ मध्ये चेल्टनहॅमला स्प्रिंटर सॅक्रे या नामांकित घोड्यामागे तो दुसरा आला. पण अनेकदा शर्यत सुरू झाली तरी हा आपला जागेवर उभा! अखेर २०१४ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याच्या प्रवेशिका घेणे बंद केले. अशा घोड्याची सरासरी काढून कोणाला काय कळणार?

परंतु खूण करण्यातही धोका आहे. आपल्याकडे घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून तो शुभ की अशुभ हे ठरवीत. बिचाऱ्या जनावराची करणी कोणी विचारीत नसे. त्या मानाने प्रत्यक्ष कामगिरीवरून केलेली खूण बरी. तरी तीही कारण सांगत नाही. तालमीतल्या घोड्यांना पोटातील व्रणांचा विकार पुष्कळ प्रमाणात होतो. कोणाचा श्वास कोंडतो, कोणाच्या पाठीत कळ असते. मध्येच पळणे सोडणारा घोडा आपल्याला आळशी दिसतो. कदाचित तो फक्त दुखणाईत असेल. झापडे लावलेल्या घोड्याकडे इंग्लंडात पूर्वी लोक संशयाने पाहत. वास्तविक पुष्कळ घोडे झापडांमुळे फक्त आजूबाजूचे पाहणे सोडून नीट पळू लागतात.

नाठाळ, अडेलतट्टू, खोडील, हे शब्द आपण जनावरांवरून उचलले आणि माणसांना, विशेषतः मुलांना, बहाल केले. वर्गात एखादा मुलगा एका परीक्षेत नव्वद गुण मिळवतो आणि पुढच्या परीक्षेत पस्तीस. आपण सरासरी काढून त्याला ‘मध्यम’ ठरवतो. त्या शब्दात त्याचे नव्वदही बुडतात आणि पस्तीस का पडले हा प्रश्नही बुडतो. दोन्ही आकडे समोर ठेवले, तर निदान विचारावेसे तरी वाटेल. टाइमफॉर्मच्या यादीत आणखी एक लहानशी खूण आहे. या घोड्याकडून अजून सुधारणा अपेक्षित आहे, असे ती सांगते. आपल्या प्रगतिपुस्तकांत पहिल्या खुणेला भरपूर जागा असते. या दुसरीलाही थोडी करावी, एवढे सुचवून मी आपली रजा घेतो.