एका फ्रेंच-कॅनेडियन शेतकरी कुळाची वंशावळ



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वंशावळ काढावयाचीच तर एखाद्या राजघराण्याची काढावी. सातासमुद्रापलीकडच्या शेतकऱ्याच्या घराण्याशी आपले काय नाते? शंका रास्त आहे. परंतु हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. राजाची वंशावळ सांभाळण्यास भाट असतात, बखरकार असतात. नांगर धरणाऱ्याचे पणजोबा कोण, हे मात्र चौथ्या पिढीला बहुधा ठाऊक नसते. जगात एक प्रांत असा आहे, की जेथील साधा शेतकरी आपल्या कुळाचा माग साडेतीनशे वर्षे मागे, समुद्र ओलांडून आलेल्या मूळ पुरुषापर्यंत आणि मूळ स्त्रीपर्यंतही नेऊ शकतो. तो प्रांत म्हणजे कॅनडातील केबेक. तेथे हे कसे साधले, आणि अशा वंशावळीने काय सिद्ध होते व काय होत नाही, हे दोन प्रश्न आज आपणांपुढे ठेवावयाचे आहेत.

प्रथम थोडा इतिहास. सेंट लॉरेन्स नदीच्या काठी केबेक शहराची स्थापना शाँप्लेन याने 1608 साली केली. पुढील दीड शतकात फ्रान्सहून येऊन तेथे कायमचे वसलेले आणि ज्यांचे वंश चालले असे लोक दहा हजारांच्या आतबाहेरच होते. त्यांत 1665 साली आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतील सुमारे चारशे शिपाई होते. वसाहतीत बायकांची वाण होती, म्हणून 1663 ते 1673 या काळात राजाने स्वतःच्या खर्चाने सुमारे 770 उपवर स्त्रिया पाठविल्या. त्यांना ‘राजाच्या लेकी’ असे नाव पडले. दहा हयात मुले असणाऱ्या बापाला वर्षाला 300 लिव्हर आणि बारा असणाऱ्याला 400 लिव्हर वर्षासन द्यावे, असा हुकूमही 1669 साली निघाला. 1763 च्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा तेथील फ्रेंच वस्ती सुमारे सत्तर हजारांची होती. त्यानंतर फ्रान्सहून माणसांचा ओघ जवळजवळ आटला. आजची लक्षावधी फ्रेंच-कॅनेडियन प्रजा मुख्यतः या मूठभर लोकांची संतती आहे.

यांपैकी एकच कूळ आपण हाती घेऊ. केबेकमध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव त्राँब्ले हे आहे. शंभर माणसांत सरासरीने एक तरी त्राँब्ले निघतो. या साऱ्यांचा मूळ पुरुष एकच. पिएर त्राँब्ले हा फ्रान्सच्या पेर्श परगण्यातील राँदोने गावचा. 1647 च्या सुमारास तो कराराने बांधलेला मजूर म्हणून वसाहतीत आला. ला रोशेलच्या परिसरातून आलेल्या ओझान आशाँ या मुलीशी 2 ऑक्टोबर 1657 रोजी केबेक येथे त्याचा विवाह झाला. नदीकाठच्या लाँज-गार्दियाँ गावी त्यांनी शेत केले. त्यांना बारा मुले झाली आणि त्यांतील चार मुलग्यांकडून आडनाव पुढे चालले. एक गडी, एक मुलगी आणि एक अरण्य. एवढ्या भांडवलावर हा विस्तार झाला.

आता हा माग काढतात कसा, ते पाहू. शोधाची सुरुवात घरातील वडीलधाऱ्या माणसापासून करावयाची. आजीचे माहेरचे नाव काय आणि लग्न कोणत्या गावच्या चर्चमध्ये लागले, एवढे कळले की पुरे. कॅथॉलिक पाद्र्याने प्रत्येक बाप्तिस्मा, विवाह आणि दफन वहीत नोंदवावे, अशी फ्रान्सच्या राजांची आज्ञा होती. विवाहाच्या नोंदीत साधारणतः वधू आणि वर या दोघांच्याही आईबापांची नावे येतात, आणि त्यांत आईचे नाव माहेरच्या आडनावासह असते. म्हणजे एक विवाह सापडला की त्याच कागदावर मागच्या दोन विवाहांची किल्ली मिळाली. लग्न बहुधा वधूच्या गावी लागे. त्यामुळे पुढची वही कोणत्या गावची उघडावी, हेही कळते. जिन्याच्या पायऱ्या उतराव्या तसे माणूस एकेक लग्न मागे जात जात 1657 पर्यंत पोहोचतो.

या वह्यांचे दैवही पाहण्यासारखे आहे. केबेक शहराच्या चर्चची वही 1621 पासूनची. परंतु 1640 साली चर्चला आग लागून ती जळाली. तेव्हा पाद्र्यांनी लोकांच्या आठवणीवरून एकोणीस वर्षांच्या नोंदी पुन्हा लिहून काढल्या. पुढे प्रत्येक वहीच्या दोन प्रती ठेवण्याची पद्धत पडली, एक चर्चमध्ये आणि एक न्यायकचेरीत. चर्च जळाले तरी कचेरीतली प्रत राही. इंग्रजी अंमल आला, तरी चर्चच्या वह्या चालू राहिल्या. 1994 पर्यंत केबेकमध्ये चर्चच्या वहीला सरकारी दाखल्याची किंमत होती.

वह्या असल्या तरी त्या चाळणारा कोणी पाहिजे. सिप्रियाँ ताँगे नावाच्या पाद्र्याने गावोगावच्या वह्या पाहून 1871 ते 1890 या काळात फ्रेंच-कॅनेडियन कुळांचा सात खंडांचा कोश प्रसिद्ध केला. फ्रेंच-कॅनेडियन वंशावळ-मंडळ माँट्रियल येथे 1943 साली निघाले. 1966 साली माँट्रियल विद्यापीठातील शार्बोनो आणि लेगारे या दोन लोकसंख्याशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदींतील प्रत्येक माणूस संगणकावर एकमेकांस जोडण्याचे काम हाती घेतले. ताँगे यांनी एकट्याने ज्यासाठी आयुष्य वेचले, ते आज घरबसल्या पाहता येते.

तथापि ही वाट दिसते तितकी सरळ नाही. पहिली अडचण नावांची. मुलगा झाला की बाप्तिस्म्याच्या वेळी नावाआधी बहुधा जोसेफ लावावयाचे, मुलगी झाली की मारी. एकाच गावात, एकाच वयाचे तीन-तीन जोसेफ त्राँब्ले सापडतात. तेथे बायकोचे नाव पाहिल्याशिवाय निवाडा होत नाही. दुसरी अडचण टोपणनावांची. आपल्याकडे ‘ऊर्फ’ असते, तसा तेथे ‘दी’ हा शब्द असतो. शिपायाला पलटणीत एखादे नाव पडे, किंवा थोरल्या भावापासून वेगळा ओळखू यावा म्हणून शेजारी नाव ठेवीत. पुढे एक भाऊ मूळ आडनाव चालवी, दुसरा टोपणनावाने ओळखला जाई, आणि तिसऱ्या पिढीत एकाच आजोबांचे नातू परके दिसू लागत. त्राँब्ले कुळातच ‘पिकोते’ म्हणजे देवीचे वण असलेला, अशी एक शाखा आहे.

या पिकोते शाखेवरून आपण शेताच्या प्रश्नाकडे येतो. त्या मुलखातील शेते नदीला लागून, अरुंद आणि लांबलचक पट्ट्यांची असत. पट्टा आणखी चिरला तर कोणाचेच पोट भरावयाचे नाही. म्हणून बहुधा एक मुलगा बापाची जमीन घेई आणि बाकीचे नवे रान तोडावयास निघत. लाँज-गार्दियाँहून त्राँब्ले मंडळी नदीकाठाने खाली शार्लव्वा भागात पसरली. तेथेही दाटी झाली, तेव्हा 1838 साली एकवीस भागीदारांच्या मंडळीने सागने खोऱ्यात वसाहतीस आरंभ केला. तिचा पुढारी आलेक्सी त्राँब्ले दी पिकोते हा होता. सागनेही पुरेना. 1840 ते 1930 या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन संयुक्त संस्थानांत गेले, त्यांतील पुष्कळ न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट येथे शेतकऱ्यांच्या मुली चात्यांपुढे उभ्या राहिल्या. तेथे नावांचे इंग्रजीकरण झाले. ल ब्लाँचा व्हाइट झाला, रुआचा किंग झाला. वंशावळ काढणारा येथे नेमका अडखळतो.

शेत कोणी घेतले, हे चर्चची वही सांगत नाही. ते नोटरीच्या दप्तरात सापडते. म्हातारपणी आईबाप शेत एका मुलाच्या नावे करून देत आणि त्या बदल्यात त्याने काय द्यावयाचे, ते कलमवार लिहून घेत. वर्षाला गहू किती, डुकराचे मांस किती, सरपण किती, गाय कोणती, रविवारी चर्चला जावयास घोडागाडी, आणि मरणानंतर आत्म्यासाठी प्रार्थना किती, हे सारे त्यात येई. प्रेम होते, तरी कागदही केला जात होता. चर्चच्या वहीत माणूस जन्मतो, लग्न करतो आणि मरतो. नोटरीच्या दप्तरात तो जगतो. एवढे कष्ट घेऊन जो कुळाचा शोध करील, त्याने हे दप्तर चुकवू नये.

आता दुसरा प्रश्न. एवढी लांब वंशावळ हाती आली, की माणसाला अभिमान वाटू लागतो. तो कितपत खरा? थोडा हिशेब करू. आपल्याला आईबाप दोन, आजीआजोबा चार, त्यांच्या मागे आठ. असे दहाव्या पिढीस गेले की पूर्वजांच्या जागा 1024 होतात. त्यांतून आडनाव येते एकाकडून. म्हणजे जो आपणांस त्राँब्ले म्हणवितो, तो एका धाग्यावरून सारे वस्त्र सांगतो. उरलेल्या जागा कोणाच्या? त्यांतल्या निम्म्या तर बायकांच्याच. कॅनडातील वह्यांनी त्या पुसल्या नाहीत, हे त्यांचे खरे मोठेपण. ओझान आशाँ मरेपर्यंत ओझान आशाँच राहिली. 1981 पासून तर केबेकच्या कायद्यानेच विवाहित स्त्रीचे नाव माहेरचे राहते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. याच वह्यांत गुलामही आहेत. मार्सेल त्रुदेल या इतिहासकाराने 1960 साली हा विषय उजेडात आणला. त्याने या प्रांतातील सुमारे 4,200 गुलामांचा माग लावला. त्यांत दोनतृतीयांश मूळचे रेड इंडियन आणि बाकीचे निग्रो, असे त्या काळचे शब्द होते. बाप्तिस्मा त्यांनाही मिळाला, नावही मिळाले. मारी, जोसेफ, आँजेलिक. परंतु आडनाव बहुधा नाही, बापाचे नाव नाही. बापाच्या जागी मालकाचे नाव. एकच पाद्री, एकच शाई, एकच पान. एका ओळीतल्या माणसाला बारा पिढ्यांचा आधार मिळाला आणि खालच्या ओळीतला माणूस हवेत लोंबकळत राहिला. शिवाय ज्या रानात शेते झाली, ते रान ओसाड नव्हते. तेथे आधीपासून लोक राहत होते. म्हणून आमचे म्हणणे असे, की लांब वंशावळ ही रक्ताच्या श्रेष्ठपणाची खूण नव्हे. ज्याला लिहिले गेले त्याला पूर्वज मिळाले. तो लेखणीचा प्रसाद आहे, आणि त्याबद्दल गर्वापेक्षा कृतज्ञता शोभते.

मग या खटाटोपाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो जिवंत माणसांना आहे. सागने खोऱ्यात टायरोसिनेमिया नावाचा एक आनुवंशिक रोग फार आढळे. त्यात मुलाचे यकृत बिघडे आणि मूल बहुधा लहानपणीच दगावे. जगात दुर्मिळ असलेला हा रोग येथेच का? वंशावळी जुळवून पाहिल्या, तेव्हा आजारी मुलांच्या घराण्यांचे पूर्वज मागे जाऊन एकत्र येतात, असे दिसले. थोड्या मूळ माणसांची संतती वाढत गेली, तिच्याबरोबर त्यांच्यातला दोषही पसरला. आज त्या भागात सुमारे वीस-बावीस माणसांमागे एक जण तो दोष नकळत बाळगतो. यात पाप कोणाचेच नाही. 1970 पासून केबेकमध्ये नवजात बालकांची या रोगासाठी तपासणी होऊ लागली, 1990 नंतरच्या दशकात त्यावर औषध आले, आणि पूर्वी जी मुले दगावत ती आता वाढू लागली. तीनशे वर्षांपूर्वी थंडीने काकडत पाद्र्याने लिहिलेल्या दोन ओळी अशा रीतीने पाळण्यातल्या मुलाच्या उपयोगी पडल्या.

श्रोतेहो, आपल्याकडेही कुलवृत्तांत आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आहेत. त्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु आपल्या अनेक घरांत सून उंबरठा ओलांडून आत आली की तिचे आडनाव जाते आणि पुष्कळदा पाळण्यातले नावही जाते. दोन पिढ्यांनंतर ‘गंगाबाई’ एवढेच उरते. ही गंगाबाई कोणाची लेक, कोणत्या गावची, हे विचारावयास मग कोणी नसते. आपल्यांतील पुष्कळांना आजोबांच्या आजोबांचे नाव सांगता येईल. आजीच्या आईचे सांगता येईल काय?

घरी गेल्यावर एक काम करावे, एवढीच विनंती. घरात जे सर्वांत वृद्ध माणूस असेल त्याच्यापाशी बसावे आणि एका कागदावर लिहून घ्यावे. आजीचे माहेरचे नाव, तिचे गाव, तिच्या आईचे नाव, अल्पवयात गेलेली भावंडे, गाव सोडून गेलेला काका. त्या कागदाच्या दोन प्रती कराव्या आणि त्या निरनिराळ्या घरी ठेवाव्या. घरात आग केव्हा लागेल, हे कोणास सांगता येत नाही. आणि म्हाताऱ्या माणसांची आठवण आगीवाचूनही जळते.