तीन आवाजांचा वाद्यवृंद

व्हिडिओ गेममधील संगीत हा रसग्रहणाचा विषय मानावयास संगीतरसिक सहसा राजी नसतात. यंत्राची किरकिर आणि संगीत यांतील भेदच त्यांना येथे दिसत नाही. हा आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही. पुष्कळ खेळांना तो लागू पडतो. परंतु 1985 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॉन्टी ऑन द रन’ या खेळाचे संगीत या आक्षेपाला पुरून उरते.

खेळ साधाच आहे. जमिनीखाली बोगदे खणणारा मोल नावाचा लहानसा प्राणी कायद्याच्या हातून निसटून पळत असतो, एवढेच त्याचे कथानक. खेळ मागे पडला; रॉब हबर्ड यांची जवळजवळ सहा मिनिटांची रचना मात्र आजही आवडीने ऐकली जाते. चार्ल्स विल्यम्स यांच्या ‘डेव्हिल्स गॅलप’ या द्रुत वाद्यरचनेची छाया तिच्यावर आहे. एका साहसमालिकेचे शीर्षकसंगीत म्हणून ती रचना बीबीसीच्या रेडिओवरून ब्रिटनच्या घराघरांत पोहोचली होती. तेव्हा पाठलागाच्या खेळाला तिची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच होय.

हबर्ड यांचे वाद्य म्हणजे ‘कमोडोर 64’ या 1982 सालच्या घरगुती संगणकातील ‘सिड’ नावाची चिप. बॉब यानेस या अभियंत्याने तिची आखणी केली. तिच्या ठायी आवाज अवघे तीन. प्रत्येक आवाजाला त्रिकोणी, आयताकृती किंवा करवतीच्या दात्यांसारखी लहर देता येते, अथवा निव्वळ खरखर काढता येते. स्वराचे उमटणे, उतरणे, टिकणे आणि विरणेही ठरविता येते. व्यवसायाने वादक असलेल्या हबर्ड यांनी संगणकाची यंत्रभाषा आत्मसात केली आणि वादन करणारा प्रोग्राम स्वतःच लिहिला. तो सेकंदाला 50 वेळा जागा होतो, तिन्ही आवाजांना पुढील आज्ञा देतो आणि लगोलग बाजूला होतो. कारण उरलेल्या वेळात त्याच संगणकाला खेळही चालवावयाचा असतो.

ही रचना ऐकताना प्रथम तालाकडे लक्ष द्यावे. ढोलाचा आघात म्हणून जो कानी पडतो, तो पहिल्या क्षणी खरखर असतो आणि लगेच वेगाने खाली घसरणारा स्वर होतो. त्यानंतर तोच आवाज दुसऱ्या कामाला मोकळा होतो. काही ठिकाणी एक स्वर आणि त्याच्याच वरच्या सप्तकातील स्वर इतक्या जलद आलटून पालटून येतात, की दोन वादक वाजवीत असल्याचा भास व्हावा. अंधारात जळते कोलीत फिरविले असता डोळ्यांना अखंड कडे दिसते, तसाच हा कानांचा भ्रम. तीन-चार स्वर असे फिरवून संपूर्ण स्वरमेळ उभा करण्याचे तंत्र त्या काळातील इतर रचनाकारांनी, विशेषतः मार्टिन गॅलवे यांनी, पुढे नेले. परंतु ‘मॉन्टी’चे खरे वैभव तिच्या मध्यावरील दीर्घ एकलवादनात आहे. तेथे स्वर एकावरून दुसऱ्यावर घसरत जातात, टिकलेला स्वर थरथरतो, आणि लहरींच्या हिशेबातून व्हायोलिनसारखी आर्तता प्रकट होते. मींड म्हणजे काय हे जाणणाऱ्या भारतीय कानाला ही जागा निराळी समजावून द्यावी लागत नाही.

अशा संगीताचे जतन ही मात्र बिकट बाब आहे. संगणकात साठविलेले असते ते ध्वनिमुद्रण नव्हे, वादनाच्या आज्ञा. जगभरातील हौशी संग्राहकांनी अशा 50 हजारांहून अधिक रचना जमविल्या आहेत, परंतु आज्ञा जपल्या म्हणजे वाद्य जपले असे होत नाही. जुन्या ‘सिड’मधील फिल्टर एका चिपमध्ये एक, तर दुसरीत निराळाच परिणाम साधी. शिवाय तिच्यात एक दोष होता. आवाज कमीजास्त करण्याची सोय झपाट्याने हलविली असता तीतून मुद्रित ढोलाचे किंवा मानवी शब्दांचे तुकडे ऐकू येत. रचनाकारांनी या दोषाचाच चौथा आवाज केला. पुढे चिपची सुधारित आवृत्ती निघाली, दोष दूर झाला, आणि त्याबरोबर तो चौथा आवाजही जवळजवळ ऐकू येईनासा झाला.